रोमचा खुर्दा

रोमन नाणी जमवते म्हटलं की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे सोन्याच्या मोहरा येतात. माझ्याकडे सोनं नाही. चांदीची थोडकी आहेत, तीही झिजलेली. बाकी सगळा खुर्दा आहे: चौथ्या शतकातली, अंगठ्याच्या नखाएवढी, तांब्या-काशाची नाणी. इंग्लंडच्या शेतांतून ती इतकी निघतात की नाण्यांच्या बाजारात काही व्यापारी ती ट्रेमध्ये ओतून ठेवतात आणि नगाला दोन-चार पौंड लावतात. ज्याला मोठ्या बोलीची हौस आहे तो या ट्रेकडे ढुंकूनही बघत नाही. मी तिथेच असते.

रोमचा इतिहास हातानं शिकायचा असेल तर सोन्यापेक्षा हा खुर्दा बरा, असं माझं पक्कं मत झालंय. महागड्या नाण्याबरोबर कागद येतो. सम्राट कोण, टांकसाळ कुठली, साल कुठलं, सगळं कुणीतरी आधीच ठरवून लिहिलेलं असतं. आपण पैसे मोजायचे आणि कौतुकानं बघायचं. खुर्द्याबरोबर असलं काही येत नाही. तो आपणच साफ करायचा, आपणच वाचायचा, आणि वाचलेलं खरं की खोटं हेही आपणच पडताळायचं.

मी यॉर्कमध्ये राहते, एका प्रयोगशाळेत काम करते. या शहराचं रोमन नाव एबोराकम. इ.स. ३०६ मध्ये सम्राट कॉन्स्टँशियस इथं वारला आणि त्याच्या सैन्यानं इथंच त्याच्या मुलाला, कॉन्स्टंटाईनला, सम्राट म्हणून पुकारलं. मिन्स्टर चर्चच्या शेजारी त्याचा काशाचा पुतळा आहे, ऐसपैस बसलेला. त्याच्या आणि त्याच्या मुलांच्या काळातलीच नाणी या भागात सर्वाधिक दिसतात, त्यामुळे माझा काळ मी निवडला असं म्हणायची सोय नाही. तो इथल्या मातीनंच ठरवला. नाण्यांची ओढ मात्र नाशिकची. शाळेतून आम्हाला अंजनेरीला नाणेशास्त्राच्या संस्थेतलं संग्रहालय बघायला नेलं होतं. तिथं ऐकलेली जोगळटेंभीच्या खजिन्याची हकिगत डोक्यात राहिली. तिच्याकडे पुढे येते.

विकत घेताना पहिला प्रश्न किमतीचा नाही, कुठून आलं याचा. इंग्लंडमध्ये मेटल डिटेक्टर घेऊन शेतं पालथी घालणाऱ्यांची मोठी जमात आहे. त्यांना कायदा आहे. १९९६ च्या ट्रेझर अ‍ॅक्टप्रमाणे तीनशे वर्षांहून जुनी, सोन्या-चांदीची किमान दोन नाणी एकत्र सापडली, किंवा हलक्या धातूची किमान दहा, तर तो ‘खजिना’ ठरतो आणि चौदा दिवसांत कॉरोनरला, म्हणजे अशा ठेव्यांची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याला, कळवावं लागतं. सुटं एखादं तांब्याचं नाणं या कायद्यात येत नाही. पण पोर्टेबल अँटिक्विटीज स्कीम नावाची योजना १९९७ पासून चालू आहे. जमीनमालकाच्या परवानगीनं शोधणारा माणूस तिथल्या अधिकाऱ्याला नाणं दाखवतो, ते नोंदलं जातं आणि त्याला परत मिळतं. त्या नोंदीला क्रमांक असतो. ज्या नाण्याला असा क्रमांक आहे त्याला मी दोन पौंड जास्त द्यायला तयार असते, कारण त्याला गाव आहे. (आपल्याकडे १८७८ चा निखात निधी अधिनियम अजून लागू आहे. जमिनीत दडलेला दहा रुपयांपेक्षा जास्त मोलाचा ठेवा सापडला तर कलेक्टरला कळवायचं. दहा रुपये ही रक्कम तेव्हाची.)

सॉमरसेटमधल्या फ्रोमजवळ २०१० मध्ये एका डिटेक्टरवाल्याला मडकं लागलं. त्यानं वरवर उकरून थांबायचं ठरवलं आणि पुरातत्त्ववाल्यांना बोलावलं. आत ५२,५०३ नाणी निघाली, वजन सुमारे १६० किलो. त्यांत कॅरॉशियस या बंडखोराची सातशेहून अधिक. या माणसानं २८६ मध्ये रोमशी फारकत घेऊन ब्रिटनमध्ये स्वतःचं राज्य थाटलं होतं. मडकं थराथरानं उपसलं गेलं म्हणून कळलं की त्याची, म्हणजे त्या मडक्यातली सर्वात उशिराची, बरीचशी नाणी तळाकडे होती, वर नव्हती. म्हणजे वर्षानुवर्षं साठवत गेलेली ही पुंजी नव्हे, जमिनीत आधी मडकं बसवून मग त्यात नाणी ओतली असावीत. कदाचित देवाला वाहिलेली. त्या माणसानं घाईनं सगळं पोत्यात भरून घरी नेलं असतं तर नाणी तेवढीच राहिली असती, ही गोष्ट मात्र गेली असती. गावाचा मी एवढा आग्रह का धरते ते यावरून कळावं.

आता साफसफाई. ट्रेमधलं नाणं म्हणजे मातीचा एक गोल ढेकूळ. कधी त्यावर चेहऱ्याची कड दिसते, कधी दोन अक्षरं, कधी नुसताच आकार. घरी आणलं की मी ते वजन करते, व्यास मोजते, दोन्ही बाजूंचे फोटो काढते आणि काचेच्या छोट्या बाटलीत डिस्टिल्ड वॉटरमध्ये टाकते. नळाचं पाणी चालत नाही, त्यात क्लोराइड असतं आणि तांब्याचा क्लोराइडशी उभा दावा आहे. पाणी तांबूस झालं की बदलायचं. पुन्हा तांबूस झालं की पुन्हा बदलायचं. आठवडे जातात. काही हट्टी नाण्यांचे महिने जातात. खिडकीत बाटल्यांची रांग असते आणि प्रत्येकीवर चिठ्ठी.

व्हिडिओ कॉलवर आईनं ती रांग पाहिली. “हे काय गं, लोणची घातलीस का?” मी नाणी दाखवली. तिनं नाक मुरडलं. “चिंच-मीठ लावून घास की. नाहीतर पितांबरी पाठवते. देवाची भांडी बघ माझी कशी लखलखतात.”

“आई, लखलखीत करायचीच नाहीत.”

“मग साफ कशाला करतेस?”

प्रश्न अगदी रास्त आहे. या नाण्यांवर सोळा-सतरा शतकांत एक थर तयार झालेला असतो, पॅटिना म्हणतात तो. खाली तांब्याच्या ऑक्साइडचा तांबडा थर, वर कार्बोनेटचा हिरवा. गंमत अशी की नाण्यावरचा बारीक तपशील, डोळ्याची पापणी, मुकुटाचा मोती, हा पुष्कळदा या थरातच टिकलेला असतो. खालचा धातू खाऊन खडबडीत झालेला असतो. चिंचेतलं आम्ल तो थर विरघळवतं, आणि हातात उरते ती गुलाबी, खड्डे पडलेली, बिनचेहऱ्याची चकती. लिंबू, व्हिनेगर, विजेची प्रक्रिया, सगळ्यांचा निकाल तोच. देवाच्या तांब्यावर कुणाचा चेहरा नसतो म्हणून त्याला चिंच चालते. म्हणजे माती काढायची आणि थर ठेवायचा, एवढंच काम. आईला हे पटलं की नाही ठाऊक नाही. “ते हात लावून कणीक मळू नकोस” एवढं बजावून तिनं विषय संपवला.

भिजून मऊ झालेली माती आधी टूथब्रशनं निघते. उरलेली बांबूच्या काडीनं. त्याहून चिवट असेल तर सुई, आणि ती फक्त सूक्ष्मदर्शकाखाली. दहापट दिसेल असा दोन डोळ्यांचा जुना सूक्ष्मदर्शक मी लिलावात घेतला. कामावर रोज तेच करत असल्यामुळे हाताला सवय आहे. सुई उभी धरायची नाही, आडवी ठेवून मातीच्या कडेखाली सारायची आणि उचलायची. जमलं तर तव्यावर करपलेल्या भाकरीचा पापुद्रा सुटावा तसा तुकडा सुटतो आणि खाली गुळगुळीत गडद हिरवा पृष्ठभाग दिसतो. खाली तांबडं दिसलं की थांबायचं, तो पॅटिनाचाच आतला थर असतो. एका बसणीत दोन-तीन अक्षरं मोकळी झाली तरी मी खूश असते. आमच्या इथल्या संग्राहक मंडळात एक निवृत्त शिक्षक आहेत. त्यांचा नियम असा की संध्याकाळी दमलेल्या माणसानं सुई हातात घेऊच नये, त्यापेक्षा टीव्ही बघावा.

थोडं पुढचंही इथंच सांगून टाकते. वाळलेल्या नाण्यावर फिकट हिरवी, पिठूळ भुकटी दिसायला लागली तर तो ‘ब्राँझ डिसीज’. धातूत शिरलेलं क्लोराइड हवेतल्या ओलाव्याशी मिळून नाणं आतून पोखरत जातं. असं नाणं वेगळं काढायचं, सोडियम सेस्क्विकार्बोनेटच्या द्रावणात मुरवायचं, धुवायचं, पूर्ण वाळवायचं, मायक्रोक्रिस्टलाईन मेणाचा हात द्यायचा आणि सिलिका जेलच्या डब्यात ठेवायचं. मुंबईच्या पावसाळ्यात हा छंद करणाऱ्यांना माझा दंडवत. आणखी एक, मऊ पीव्हीसीच्या पारदर्शक पाकिटांत नाणी ठेवू नयेत. कालांतरानं त्या प्लास्टिकमधूनच आम्ल सुटतं. पॉलिएस्टरची कडक पाकिटं घ्यावीत, थोडी महाग पडतात.

मग वाचन. नवख्या माणसाची नजर साहजिकच चेहऱ्याकडे जाते, पण चौथ्या शतकात चेहऱ्यावरून फार काही कळत नाही. पहिल्या-दुसऱ्या शतकात नीरोची दुहेरी हनुवटी किंवा हेड्रियनची दाढी दुरून ओळखू येते. कॉन्स्टंटाईन आणि त्याचे मुलगे सगळे एका साच्यातले: मोठे डोळे, सरळ नाक, डोक्याला मोत्यांची पट्टी किंवा पानांचा मुकुट, गुळगुळीत दाढी. शिवाय मुलांची नावंही बापानं अशी ठेवली की पुढच्या सोळाशे वर्षांच्या विद्यार्थ्यांनी रडावं: कॉन्स्टंटाईन, कॉन्स्टँशियस, कॉन्स्टन्स. नाण्याची कड झिजून शेवटची अक्षरं गेली की तिघांत फरक राहत नाही.

म्हणून मी नाणं उलटं करते आणि सगळ्यात खाली बघते. मागच्या बाजूला चित्राच्या पायाशी एक आडवी रेघ असते आणि तिच्याखाली तीन-चार अक्षरं. ती टांकसाळीची खूण. माझ्याकडच्या नाण्यांवर सर्वाधिक वेळा येणारी खूण आहे टीआरपी. टीव्हीवाल्यांशी संबंध नाही. टीआर म्हणजे ट्रेव्हेरी, आजचं जर्मनीतलं ट्रियर, आणि पी म्हणजे प्रिमा, त्या टांकसाळीतला पहिला विभाग. टीआरएस असेल तर दुसरा विभाग. पीएलजी हे लियाँ. एसआयएस म्हणजे सिस्किया, आजच्या क्रोएशियात. एसएमके आलं तर सिझिकस, तुर्कस्तानात मार्माराच्या किनाऱ्यावर. एएलई म्हणजे अलेक्झांड्रिया. नवख्याला चकवणारी जोडी सीओएनएस आणि सीओएनएसटीची. पहिली कॉन्स्टँटिनोपल, दुसरी फ्रान्समधलं आर्ल, कारण ३२८ मध्ये आर्लचं नाव बदलून काही काळ कॉन्स्टँटिना केलं होतं. एका टी अक्षरानं नाणं दोन हजार किलोमीटर सरकतं.

विभागाचं अक्षर कशासाठी? नाणं वजनाला कमी भरलं तर कुणाच्या हातून गेलं हे कळावं म्हणून. प्रामाणिकपणावर भिस्त ठेवणारं ते राज्य नव्हतं.

टांकसाळ कळली की चित्र. माझ्या डब्यातलं सर्वात नेहमीचं चित्र दोन सैनिकांचं आहे, भाले घेऊन समोरासमोर उभे, मध्ये सैन्याचे ध्वजदंड. भोवती लिहिलेलं असतं ‘ग्लोरिया एक्झर्सिटस’, सैन्याचा गौरव. हे नाणं ३३० मध्ये सुरू झालं तेव्हा सैनिकांच्या मध्ये दोन ध्वजदंड होते आणि वजन अडीच ग्रॅमच्या आसपास. ३३५ नंतर मध्ये एकच दंड दिसतो आणि वजन दीड-पावणेदोन ग्रॅमवर येतं. नाणं लहान झालं, जागा आटली, म्हणून दंड एक. लोकांना कळायला नको म्हणून सरकारनं काही जाहीर केलं नसेल, पण दोन्ही प्रकार तराजूत ठेवले की महागाई ग्रॅममध्ये दिसते. इतिहासाच्या पुस्तकात ‘चलनाचं अवमूल्यन’ वाचून जे मला कधी उमगलं नाही ते स्वयंपाकघरातल्या मसाला मोजायच्या काट्यावर उमगलं.

चित्र आणि खूण हाती आली की मी संगणकाशी बसते. अमेरिकन न्युमिस्मॅटिक सोसायटीनं रोमन साम्राज्याच्या नाण्यांची सूची महाजालावर खुली ठेवली आहे. चाळीस हजारांहून अधिक प्रकार, टांकसाळ, सम्राट, मजकूर, चित्र यांवरून चाळता येतात, फुकट. पूर्वी यासाठी जाडजूड खंड लागायचे, ते आमच्या मंडळाच्या कपाटात आहेत आणि त्यांना अजून मान आहे. मजकूर वाचायला सुरुवातीला त्रास होतो. शब्दांत जागा सोडलेली नसते, यू आणि व्हीला एकच अक्षर, आणि संक्षेपांचा सुकाळ. पीएफ म्हणजे धर्मनिष्ठ आणि भाग्यवान. डीएन म्हणजे आमचा धनी. एनओबीसी म्हणजे ‘थोर सीझर’, अर्थात युवराज, अजून गादीवर न बसलेला.

हा ‘थोर सीझर’ मला एका नाण्यानं नीट शिकवला. ते ट्रेमध्ये पालथं पडलं होतं. साफ करताना आधी एक वेदी दिसली, वेदीवर गोल, गोलाच्या वर तीन तारे. खाली पीएलओएन. लंडन! लंडनची टांकसाळ कॅरॉशियसनं सुरू केली आणि ३२५ च्या सुमारास ती बंद झाली, त्यामुळे तिची नाणी बघितली की इथल्या लोकांना जरा जास्तच उमाळा येतो. भोवतीचा मजकूर ‘बीआटा ट्रँक्विलिटास’, धन्य अशी शांतता. पुढची बाजू मोकळी व्हायला बरेच दिवस गेले. काही ठिकाणी चांदीचा मुलामा शिल्लक होता, त्याला सुई लावायची हिंमत नव्हती, पाण्यानंच काय सुटेल ते सुटू दिलं. शेवटी नाव आलं: क्रिस्पस.

क्रिस्पस हा कॉन्स्टंटाईनचा थोरला मुलगा, पहिल्या बायकोचा. ३१७ मध्ये सीझर झाला. ३२४ मध्ये बापाच्या प्रतिस्पर्ध्याचं, लिसिनियसचं, आरमार त्यानं हेलेस्पाँटच्या सामुद्रधुनीत बुडवलं. लोकप्रिय, तरणाबांड, वारस ठरलेला. ३२६ मध्ये बापानं त्याला पोला इथं, आजच्या क्रोएशियात, मारवलं. त्याच वर्षी कॉन्स्टंटाईननं आपली बायको फॉस्टा, म्हणजे क्रिस्पसची सावत्र आई, हिलाही मारवलं. कारण काय, याच्या कंड्या पुष्कळ आहेत आणि त्या लिहिणारे सगळे नंतरचे. शिलालेखांतून क्रिस्पसचं नाव खरवडून काढलं गेलं. पण नाणी परत कशी बोलावणार? ती ब्रिटनपासून सीरियापर्यंत लोकांच्या बटव्यांत होती. राजाज्ञेनं दगडावरून पुसलेला मुलगा बाजारात पुढची कितीतरी वर्षं फिरत राहिला, ‘धन्य शांतता’ मिरवत.

इथं मला जोगळटेंभी आठवते. १९०६ मध्ये नाशिकजवळ गोदावरीकाठच्या या गावी तेरा हजारांहून अधिक चांदीची नाणी सापडली, सगळी क्षत्रप नहपानाची. मुखवटा त्याचाच आणि भोवती ग्रीक अक्षरांतही त्याचं नाव. त्यांतल्या सुमारे दोन-तृतीयांश नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीनं आपला ठसा पुन्हा मारलेला आहे. नहपानाच्या गालावरून सातवाहनांचा चैत्य उमटलेला. कॉन्स्टंटाईनला पोटच्या पोराबाबत जे साधलं नाही ते सातकर्णीनं हरवलेल्या शत्रूबाबत करून दाखवलं, आणि चांदीही वाया घालवली नाही. तरी भिंगातून पाहिलं की खालून नहपानाचं नाक डोकावतंच.

कॉन्स्टंटाईन ३३७ मध्ये वारला. त्यानंतर काही आठवड्यांत घरातल्या पुरुषांची कत्तल झाली, पुतण्या डाल्मेशियस त्यात गेला. त्याची नाणी जेमतेम दोन वर्षं पडली म्हणून ती ट्रेमध्ये क्वचित लागतात. उरलेल्या तीन भावांतला एक दुसऱ्याच्या सैन्याशी लढताना ३४० मध्ये उत्तर इटलीत अ‍ॅक्विलियाजवळ मेला. ३४८ च्या सुमारास राहिलेल्या दोघांनी नवं नाणं काढलं. त्यावर घोड्यावरून कोसळलेला शत्रू आणि त्याला भाल्यानं भोसकणारा रोमन शिपाई. मजकूर ‘फेल टेंप रेपारॅटिओ’, म्हणजे सुखाचे दिवस परत आले. असं सरकारी नाण्यावर छापायची वेळ कधी येते हे आपल्याला कुणी सांगायला नको. दोनच वर्षांत कॉन्स्टन्सचा खून झाला आणि मॅग्नेंशियस नावाचा सेनापती पश्चिमेचा धनी झाला.

या कोसळत्या घोडेस्वाराच्या नकला हा माझा सर्वात लाडका प्रकार. वरून चिल्लर येणं घटलं की ब्रिटन आणि गॉलमधले (आजच्या फ्रान्सच्या भागातले) लोक स्वतःच नाणी पाडायचे. काही करदोट्याच्या मण्याएवढी बारकी, सात-आठ मिलिमीटरची. घोड्याचे पाय काड्यांसारखे, स्वाराचं डोकं म्हणजे एक टिंब, अक्षरं नुसत्या उभ्या रेघा. लिहिता न येणाऱ्या माणसानं अक्षर ‘काढलेलं’ आहे हे स्पष्ट दिसतं. फसवण्याचा हेतू फारसा नसावा, कारण फसेल असं त्यात काही नाही. सुट्ट्या पैशांशिवाय बाजार चालत नाही, म्हणून सगळ्यांनी मिळून ते चालवून घेतले. व्यापारी या नकलांना कचरा समजतात, त्यामुळे मला स्वस्तात मिळतात.

आजीच्या पुतळ्यांच्या माळेतही हेच आहे. पुतळी म्हणजे मूळचं व्हेनिसचं सोन्याचं नाणं, डकट. त्यावर संत मार्कसमोर गुडघे टेकलेला तिथला राज्यप्रमुख. आपल्याकडे त्या दोन आकृतींना राम-सीता मानून गळ्यात घातलं. सोनं बावनकशी म्हणून मागणी इतकी की इथल्या सोनारांनी तशाच पुतळ्या पाडल्या. सुट्टीत घरी गेले तेव्हा भिंग लावून आजीची माळ पाहिली. लॅटिन मजकुराच्या जागी उभ्या-आडव्या रेघा, ब्रिटनमधल्या घोडेस्वाराच्या नाण्यावर असतात तशाच. आजीला म्हटलं, या बहुतेक इथंच पाडलेल्या आहेत. ती म्हणाली, “सोनं आहे ना? मग झालं.” दक्षिण भारतात सापडलेल्या रोमन सोन्याच्या नाण्यांनाही भोकं पाडलेली, कड्या लावलेल्या असतात. त्या बायकांनीही याहून वेगळं काही म्हटलं नसेल.

आता जरा संशयाबद्दल. खोट्या नाण्यांची भीती खुर्द्यात कमी असते, दोन पौंडांचं नाणं खोटं करून कुणाला काय मिळणार? इथली लबाडी वेगळी आहे. ‘इंग्लंडच्या शेतात सापडलेली’ म्हणून विकायला ठेवलेल्या ढिगात मी सगळ्यांत आधी टांकसाळी मोजते. कॉन्स्टंटाईनच्या घराण्याच्या काळात ब्रिटनला येणारा पैसा मुख्यतः ट्रियर, लियाँ आणि आर्लचा होता. ढिगात सिझिकस, अँटिओक, अलेक्झांड्रिया यांची नाणी सर्रास दिसायला लागली तर ती माती इंग्लंडची नाही, बाल्कन किंवा त्यापलीकडची आहे. कुठल्या तरी देशातून, बहुधा तिथला कायदा मोडून, गोणीत भरून आलेली. एका विक्रेत्याला मी हे विचारलं. तो म्हणाला, “रोमन लोक फार प्रवास करायचे.” मी ट्रे परत सरकवला. मंडळातले शिक्षक याबाबत माझ्याहून मवाळ आहेत. त्यांच्या मते बाहेर आलेलं नाणं बाहेर आलंच, निदान चांगल्या हातात पडावं. मला ते पटत नाही. आमचा वाद चालू आहे.

पण पूर्वेची ती नाणी मला खुणावतात, आणि त्याचं कारण भारत आहे. नाशिकचे नातेवाईक विचारतात, “अशी नाणी आपल्याकडे नाही का सापडत?” महाराष्ट्रात रोमशी व्यापाराच्या खुणा भरपूर आहेत. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीत पोसायडन या समुद्रदेवाची काशाची मूर्ती निघाली. तेरला आणि नेवाशाला वारुणीच्या रोमन सुरयांचे तुकडे मिळाले. नाणी मात्र थोडी. एक मत असं की आलेली चांदी इथं वितळवून क्षत्रपांच्या आणि सातवाहनांच्या टांकसाळींत गेली. ऑगस्टस-टायबेरियस या पहिल्या दोन सम्राटांच्या चांदीचे मोठे साठे सापडतात ते कोइंबतूरच्या परिसरात. भारताच्या व्यापारापायी दरसाल पाच कोटी सेस्टर्स (एक रोमन नाणं) जातात अशी प्लिनी या रोमन लेखकानं जी तक्रार केली, त्या रकमेचा माग लागतो तो तिकडे.

ही झाली बड्या पैशाची गोष्ट. माझ्या खुर्द्याचे भाऊबंदही तिथं आहेत. तमिळनाडूत करूरला अमरावती नदीच्या पात्रात, मदुरै परिसरात, अळगनकुळमच्या उत्खननात आणि श्रीलंकेत तर ढिगानं, चौथ्या-पाचव्या शतकातली छोटी रोमन तांब्याची नाणी सापडली आहेत. तेच ध्वजदंडवाले शिपाई, तोच कोसळता घोडेस्वार. झिजून इतकी गुळगुळीत झालेली की ती तिकडे नुसती व्यापाऱ्याच्या गाठोड्यातून आली नाहीत, बाजारात सुट्टे पैसे म्हणून चालली असणार. श्रीलंकेत त्यांच्या स्थानिक नकलाही पाडल्या गेल्या. सोनं कोणीही कुठेही नेतो. दीड ग्रॅम तांब्याचं नाणं समुद्र ओलांडून इतक्या लांब जातं आणि तिथल्या हाटात चालतं, हे मला जास्त नवलाचं वाटतं. तिकडच्या नाण्यांवर ट्रियरची खूण शोधून मिळणं कठीण, पूर्वेच्या टांकसाळींची चलती. त्या खुणा मी आतापर्यंत फक्त फोटोंत आणि संशयास्पद ट्रेमध्ये पाहिल्या आहेत.

म्हणून पुढच्या सुट्टीत थेट मुंबईला न उतरता आधी चेन्नई गाठायचं ठरवलंय. एग्मोरच्या सरकारी संग्रहालयात रोमन नाण्यांचा मोठा संग्रह आहे, तिथून जमलं तर करूर. दोन दिवस नाशिकचे कापले जातील. आईला अजून सांगितलेलं नाही.